ते तुले कोंबडा समजून रायली

मृगाच्या सुरुवातीची गोष्ट. सकाळी सव्वासहाला चहाचा कप घेऊन सांदवाडीत उभी होते, तर आमची तांबडी पायाशी आली. वाकून पाठीवर हात ठेवला, तशी ती जागीच बसली. पंख थोडे फाकवले, मान खाली घातली, हलायचं नाव नाही. मी हरखून कुंपणाकडे तोंड केलं.

"काकू, पाहा तरी! किती लळा लागलाय हिला माझा!"

शेजारच्या काकू खराटा हातात घेऊनच तारेपाशी आल्या. क्षणभर निरखलं.

"लळा कायचा वं सूनबाई. ते तुले कोंबडा समजून रायली."

चहा हिंदकळला तो माझ्याच पायावर.

"तलंग अंड्यावर आली का अशीच बसते. कोंबडा पाठीवर येनार म्हनून. आठ दिवसांत अंडं देते, लिहून ठेव."

लिहून ठेवलं नाही, पण सातव्या दिवशी खुराड्याच्या कोपऱ्यात पहिलं अंडं सापडलं. तपकिरी, लिंबाहून जरासं मोठं, एका बाजूला रक्ताचा बारीक ठिपका. घरात मी कुणाला काही बोलले नाही. कुंपणापाशी मात्र जाऊन दाखवावं लागलं, कारण काकू सकाळपासून तिथेच तूर निवडत बसल्या होत्या आणि तूर काही एवढी नव्हती.

आम्ही मौद्यात राहायला आलो ते यांच्या निवृत्तीनंतर. घर सासऱ्यांचं, नागपूर-भंडारा रस्त्यापासून आत. छतावर चढलं की एका अंगाला कन्हानकडची झाडी आणि दुसरीकडे एनटीपीसीच्या चिमण्या. जागा भरपूर, करायला काम नाही. म्हणून डिसेंबरच्या मध्याला नागपुरातून वनराजाची वीस पिल्लं आणली. हैदराबादच्या राजेंद्रनगरात केंद्र सरकारचं कुक्कुट संशोधन संचालनालय आहे, 1988 साली सुरू झालेलं. ही जात तिथली. घरामागे, फारसा थाटमाट न करता पाळता यावी, अंडीही द्यावीत आणि मांसही भरावं, म्हणून तयार केलेली. हे सगळं मी काकूंना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी खोक्यात डोकावून विचारलं, "सरकारी हायत का? मंग काम करतीन का?"

काकूंची चाळीस वर्षं गावरान कोंबड्यांत गेलेली. त्यांच्याकडे आजही आठ-दहा असतात. दिवसभर उकिरडा उकरतात, रात्री डालग्याखाली जातात. एका खेपेला बारा-पंधरा अंडी द्यायची, खुडूक व्हायचं, पिल्लं काढायची, दोन-तीन महिने ती सांभाळायची, मग पुन्हा अंड्यांकडे वळायचं. वर्षाची बेरीज पन्नास-साठ अंडी. माझ्या कोंबड्यांनी शंभरावर द्यायला हवीत, असं मी सांगितलं. मग तोंडाला सुटलंच होतं, म्हणून ऑस्ट्रॉलॉर्प या काळ्या ऑस्ट्रेलियन जातीची हकिकतही सांगून टाकली: तिच्यातल्या एकीनं 365 दिवसांत 364 अंडी दिल्याची नोंद आहे.

"एक दिस काय माहेरी गेल्ती?" काकू.

पहिले दोन आठवडे मी झोपले नाही. पिल्लू आणलं तेव्हा अडतीस ग्रॅमचं, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांएवढं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी एकेकाला वाटीत बसवून तोललं, तेव्हा यांनी त्या वाटीतून पुन्हा काही खाणार नाही असं जाहीर केलं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना पस्तीस अंशांची ऊब लागते आणि आमच्याकडे डिसेंबरच्या पहाटे थंडी अशी, की नळाचं पाणी हाताला चावतं. पुठ्ठ्याचं रिंगण केलं, वर बल्ब टांगला. पिल्लं बल्बखाली गठ्ठा करून बसली तर त्यांना गारठा लागतोय, कडेला पळून चोची उघडी ठेवली तर उकडतंय, सगळीकडे विखरून खात असली तर आपण झोपायला हरकत नाही. थर्मामीटर मी घेतला होता, तो तसाच डब्यात आहे. तरी तीन गेली. काकूंनी ती पाहिली आणि कधी नव्हे ते काही बोलल्या नाहीत.

सहाव्या दिवशी प्रत्येकाच्या डोळ्यात लासोटाचा एकेक थेंब टाकला. ही राणीखेतची लस. राणीखेत हे खरं तर पहाडातलं गाव, रोगाला त्याचं नाव चिकटलं. गावात याला मानमोडी म्हणतात आणि ज्यानं ती पाहिली त्याला दुसरं नाव लागत नाही. काकूंच्या एकोणीस कोंबड्या एका आठवड्यात अशा गेल्या होत्या, मान पाठीकडे वळवून गरागरा फिरत. "तवापासून मी मोजत नाय," त्या म्हणाल्या. "मोजल्या का जाते." त्या वर्षी त्यांनी लस दिली नव्हती. यंदा माझ्या थेंबांतले उरलेले त्यांच्या पिल्लांना गेले. कुंपणावरून गेले, म्हणजे मी दिले असं नाही आणि त्यांनी मागितले असंही नाही.

वाढ मात्र डोळ्यांदेखत झाली. सहाव्या आठवड्यात सहाशे-सातशे ग्रॅम, दहाव्यात नर सव्वा किलोला पोचले. त्याच सुमाराला निघालेली काकूंची गावरान पिल्लं अजून कबुतरासारखी दिसत होती. गावरानाला किलोभर व्हायला पाच-सहा महिने लागतात. काकूंना संशय येणं साहजिक होतं.

"खरं सांगजो. इंजेक्शन देते का?"

"नाही हो. जातच तशी."

"मंग पाय पाह्य त्याहिचे! उंटाचे लावले का काय सरकारनं?"

पाय लांब आहेत हे खरं. मोकळ्यावर पळता यावं, मुंगूस-मांजरापासून जीव वाचवता यावा, यासाठी ते कामाचे. तरी मुंगसानं एक नेलंच, भरदुपारी, काकूंच्या बाजूच्या बिळातून. त्यावर आमच्यात दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी काकूंनी बिळात विटा ठोकल्या आणि कढीचा गंज पाठवला.

आता स्वभाव. मी तर वहीत लिहायला घेतलं होतं. काळी हातावरचं खाते. ठिपक्याची आपल्याशी बोलते. लहान कोंबडा छपरीत येऊन यांच्या वर्तमानपत्रावर बसतो. काकूंनी एकेक नोंद निकालात काढली. हातावरचं खाते कारण हातात कणकी असते, हात रिकामा घेऊन जा मग कळेल. बोलते ती पाण्याचं भांडं सुकलंय म्हणून. कोंबडा वर्तमानपत्रावर बसतो कारण तिथे ऊन येतं. मी रिकामा हात घेऊन गेले. काळी आली, हात पाहिला, अंगठीला चोच मारली आणि गेली.

पण माझंही अगदीच खोटं नव्हतं. पिल्लं लहान असताना रोज जवळ बसलं, हळू बोललं, वरून झडप घालून उचलण्याऐवजी खालून हात दिला, तर ती माणसाला घाबरत नाहीत. वरून येतं ते त्यांच्या लेखी घार. काकूंच्या कोंबड्या काकूंनाही हात लावू देत नाहीत. रात्री डालगं टाकायला त्यांना आजही घरभर धावावं लागतं. हे मी म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अन् रात्री बोका आला तर तुह्या कोंबड्या त्याच्याशी बोलत बसतीन." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भरवशाची कोंबडी सगळ्यांच्याच भरवशावर राहते. वनराजाचं अंगही जड, गावरानासारखी ती आंब्यावर चढून बसत नाही.

काकूंचा एक पुतण्या चंद्रपूरकडे असतो, त्याच्याकडे असील होते. झुंजीचे. झुंजी लावणं हा 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे हे पुतण्याला ठाऊक आहे, म्हणून "होते" म्हणायचं. तर असील दुसऱ्या कोंबड्याला पाहिलं की मरेस्तोवर लढतो, पण माणसाच्या मांडीवर मांजरागत झोपतो. "माह्या पुतण्याच्या मांडीवर त्याचं पोट्टं बसत नव्हतं, कोंबडा बसे," काकू म्हणाल्या. मग पुतण्याच्या संसाराकडे विषय वळला, तो इथे देत नाही.

माझ्या सोळांतही दांडगाई होतीच. तांबडीनं आधी टोचायचं, मग ठिपक्याच्या दोघींनी, सगळ्यात शेवटी एक पांढुरकी, तिला सगळ्या टोचणार. नॉर्वेतल्या एका माणसानं लहानपणापासून कोंबड्या पाहत बसून 1921 साली यावर प्रबंधच लिहिला, की कोंबड्यांत कुणी कुणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. काकूंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "आमी पाच जावा होतो," एवढंच म्हणाल्या आणि तूर निवडायला लागल्या. काही वेळानं आपणहून: "मी पांढुरकी."

मे महिन्यात परीक्षा झाली. पारा पंचेचाळीसला. कोंबडीला घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकणं हाच तिचा कूलर. नवतपात माझ्या जड कोंबड्या भिंतीला चिकटून पंख लोंबवून उभ्या, काकूंच्या सडपातळ मात्र लिंबाखाली माती उडवत न्हातायत. काकूंनी पोत्याचे ओले पडदे लावायला सांगितले, माठातलं पाणी दिवसातून चारदा बदलायला लावलं आणि खाणं पहाटे व सूर्य बुडताना द्यायला. "दुपारी पोटात दाना म्हनजे आंगात शेगडी." पशुवैद्यकांनीही तेच सांगितलं, फक्त शेगडी म्हटलं नाही. फार धापा टाकल्या की अंड्याचं कवच पातळ होतं, असंही ते म्हणाले. आमच्या तेव्हा अंड्यावर यायच्या होत्या, म्हणून निभावलं.

एक शिवी मात्र मी खाल्ली. प्रेमापोटी मी कणकी ओंजळीनं टाकत होते. राइस मिल जवळ, कणकी स्वस्त. काकूंनी एकीला उचलून पोटाखाली चाचपलं. "हे चरबी हाय. चरबीतून अंडं कसं बाहेर येईन?" तेव्हापासून माप ठरलं, बाकी त्यांनी हिंडून मिळवायचं. मडक्यात ओलं शेण आणि काड्या भरून उपडं ठेवायचं, चार दिवसांत खाली उदई लागते, ती पिल्लांसमोर झटकायची. ही युक्ती काकूंची, आणि पिल्लं त्या मडक्याला बल्बपेक्षा जास्त ओळखतात.

आता बाजारातली गोष्ट, नाव न घेता. आठवडी बाजारात एक बाई तपकिरी अंडी "गावरान" म्हणून विकते, पांढऱ्याच्या जवळजवळ दुप्पट भावानं. काकू शपथेवर सांगतात, की तिच्याकडे एकही गावरान कोंबडी नाही, सगळ्या माझ्या कोंबड्यांसारख्याच. कवचाचा रंग जातीवरून येतो, बलक पिवळाधमक होतो तो हिरवा पाला आणि मका खाल्ल्यानं, हे मी समजावलं. रंगावरून गावरान ओळखता येत नाही. काकू विचारात पडल्या. मग त्यांनी विचारलं, "तुह्या अंड्याहिले काय भाव घेशीन?" मी म्हटलं, वनराजाची म्हणून विकीन. "मंग बसली घरीच," काकू म्हणाल्या. "गावात पोसली ते गावरान, असं म्हन अन् मोकळी हो."

मी अजून मोकळी झालेले नाही. तेवढ्यात श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणात अंडं शिवत नाहीत, शेजारीपाजारीही घेत नाहीत, आणि कोंबड्यांना श्रावण कळत नाही. टोपलीभर अंडी साठली. नेमकी तेव्हाच काकूंची काळी गावरान खुडूक झाली. माझ्या कोंबड्या खुडूक होतच नाहीत, अंडं दिलं की विसरल्या, आईपण त्यांच्यात उरलेलंच नाही. काकूंनी प्रस्ताव मांडला: अंडी तुझी, बूड माझ्या कोंबडीचं.

मी पुस्तकातलं सांगितलं, की ही संकरित जात आहे, पुढची पिल्लं आईबापासारखी निघत नाहीत, काही लहान राहतील, अंडी कमी देतील. त्यासाठी दर खेपेला नवीन पिल्लंच आणावी लागतात.

"मानसाचे निघते का आईबापासारखे?" काकू म्हणाल्या आणि कुंपणावरून टोपली पुढे केली.

श्रावण शुद्ध दशमीला आठवड्याच्या आतली बारा अंडी निवडून बसवली. सातव्या रात्री मोबाइलच्या उजेडावर धरून पाहिली: दोन वांझ, दहांत लाल शिरांचं जाळं. एकविसावा दिवस तान्ह्या पोळ्याचा येतो. पिल्लं निम्मी-निम्मी ठरलीत. पहिली निवड काकूंची.