बनीमवाले तात्या

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात गावागणिक एक तरी असे तात्या सापडतातच. वय सत्तरीपार, डोक्याला पटका, दारात एक म्हैस नि एक गाय, आणि त्यांच्यामागं घरापेक्षा उंच कडब्याची बनीम. दुसरीकडं हिला गंजी म्हणतात, वळई म्हणतात. पाव्हणा आला की चहाच्या आधी त्याला बनीम दाखवली जाते. पूर्वी सोयरीक जमवायला आलेली माणसं घराआधी गंजी बघायची. ती चाल मोडली, हे तात्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

माघ-फाल्गुनात रब्बीची ज्वारी मुळासकट उपटतात, आळे बांधून पेंढ्या करतात, कणसं मोडतात. घरातली बाकीची माणसं पोती मोजतात, तात्या पेंढ्या. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तात्यांना ते कडब्यालाच मिळालंय असं वाटलं होतं. हायब्रीडचा कडबा त्यांची म्हैस हुंगून सोडते. हे ते म्हशीच्या अकलेचं प्रमाण म्हणून सांगतात.

बनीम रचायला मात्र दुसऱ्याचा हात चालत नाही. खाली दगड आणि तुराट्या, म्हणजे ओल वर चढत नाही आणि वाळवीला अडसर होतो. बुडखे बाहेर, शेंडे आत, माथ्यावर पाण्याला उतार. वरून पूर्वी पाचट घालायचे, आता फ्लेक्स. गावात वाढदिवसांना तोटा नाही, त्यामुळं शाकारणीलाही नाही. छापील बाजू तात्या आत करतात, आणि भावी आमदार वर्षभर कडब्यात तोंड खुपसून पडून राहतात.

पेंढीला सरकारी माप नसतं. विकत घेताना ती तात्यांना मनगटाएवढी दिसते आणि शेकड्यावर वरच्या पाच मागितल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. विकायची वेळ आली तर काय, हा प्रश्नच येत नाही, कारण तात्या विकत नाहीत.

मुलगा शेतीचा पदवीधर. त्यानं कुट्टीचं यंत्र आणायचं काढलं. अख्ख्या कडब्याची पानं जनावरं ओढून खातात आणि बुडखे दावणीत पडतात, कुट्टी केली की ते वाया जात नाहीत. मुद्दा बिनतोड होता. तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुट्टी मोजायची कशी?"

मग मुलानं वही काढली. जनावरामागं दिवसाला तीन पेंढ्या, जनावरं दोन, पाडव्यापासून पोळ्यापर्यंत धरले दीडशे दिवस. झाल्या नऊशे. बनिमीत अडीच हजार. "तात्या, हजारभर तरी काढा की!"

"आन् मिरगानं दगा दिला म्हंजे?"

१९७२ साली तात्या मिसरूड फुटायच्या वयाचे होते, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. त्या वर्षी वैरण संपली आणि वडिलांनी खिलारी बैलजोडी बाजारात नेली. आली त्या किमतीला दिली. तात्या गावभर बोलतात, पण एवढी एक गोष्ट टाळतात.

पुढं २०१३ साली दुष्काळात चारा छावण्या उघडल्या, तेव्हा सगळ्यांत आधी जनावरं घेऊन गेले ते तात्याच. घरी बनीम असताना? म्हणूनच! जनावरं छावणीत उसाचं वाढं खात होती, मुलगा त्यांच्याजवळ राहत होता, आणि तात्या घरी बनिमीच्या आडोशाला खाट टाकून राखणीला. २०१९ साली पुन्हा तेच. गाव हसलं. हसणाऱ्यांतले चारजण पाऊस लांबल्यावर रात्रीच्या अंधारात शे-दोनशे पेंढ्या मागायला आले. तात्यांनी दिल्या, पण मोजून, आणि आळे परत आणायच्या बोलीवर.

यंदाही बनीम जुन्या थरावरच रचली आहे. तळाच्या पेंढ्या काळ्या पडल्यात, म्हैस त्यांना तोंड लावत नाही. ज्या बैलांसाठी त्या रचल्या होत्या, ते ट्रॅक्टर आला त्याच वर्षी विकले.