माझ्या आईची चिंधी पुसणाऱ्या कलाकारास

महाशय,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, तरी इथे लिहीत नाही. चारचौघांत एखाद्याचा चेहरा न विचारता उघडा पडला की घरात काय होतं, ते आम्ही या वर्षी पाहिलंय. ते तुमच्या घरी व्हावं, असं मला वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही कफ परेडच्या मच्छीमार नगरात आलात. पुढे किनाऱ्याला लागलेल्या होड्या, मागे टॉवर, हा फोटो इथे येणारा प्रत्येक जण काढतो. आई पाटी पुढ्यात घेऊन मांदेली निवडत बसली होती. "मावशी, इकडे बघा," असं तुम्ही म्हणालात आणि तिने बघितलं. फोटो कशासाठी, कुठे लागणार, कोण बघणार, यातलं एक अक्षर तुम्ही बोलला नाहीत. तिनेही विचारलं नाही. दारात आलेल्याला ती पाणी विचारते, हेतू विचारत नाही.

मग तुम्ही त्या फोटोची इंटरनेटवर कलाकृती केलीत. बटण दाबलं की आईचा चेहरा दुसऱ्या बाईचा होतो. पुन्हा दाबलं की लुगड्याचा रंग बदलतो आणि हातातला मासाही बदलतो. खाली लिहिलंय: स्त्रीवादी काम, सर्वांसाठी खुलं, कुणीही उतरवून घ्या, हवं तसं बदला. एकाने तुमचा शब्द पाळला. फोटो उतरवून घेतला, त्याखाली एक घाणेरडी ओळ घातली आणि स्टिकर बनवला. तो फिरत फिरत आमच्याच वस्तीच्या ग्रुपवर आला. माझ्या भाच्याने तो आधी पाहिला आणि दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही.

शेवटी मी आईला तुमची मूळ कलाकृती दाखवली. तिने ओले हात पदराला पुसले, फोन जवळ धरला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं. चेहऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती हात बघत होती. त्या दिवशी तिच्या डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, आदल्या दिवशी कोयता लागला होता म्हणून. तुमच्या चित्रात अंगठा गुळगुळीत आहे. "माझी चिंधी कुठं गेली गं?" तिने मला विचारलं.

याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे, मी नाही.

खुलं म्हणजे काय, हे तुम्हाला कोळीवाड्यात येऊनही कळलं नाही, याचा मला जास्त राग आहे. दर्या आमच्यासाठी खुलाच आहे, त्याला कुणाचं कुंपण नाही. तरीही १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्या मासेमारीला जात नाहीत, कारण तो माशांच्या विणीचा काळ. जे सगळ्यांचं असतं, त्याला नियम जास्त लागतात. तुम्ही मात्र जे तुमचं नव्हतंच, ते जगाला वाटून मोकळे झालात.

आणि हे याच शहरात झालं, जिथे हे काम नीट कसं करायचं ते लोकांनी करून दाखवलंय. २००८ साली पॅड.मा हा चित्रफितींचा खुला संग्रह इंटरनेटवर सुरू झाला. तो उभा करणाऱ्यांत मुंबईतल्या कॅम्प या कलाकारांच्या गटाबरोबर मजलिस आणि पॉइंट ऑफ व्ह्यू या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्था होत्या, बंगळुरूचा अल्टरनेटिव्ह लॉ फोरम होता आणि बर्लिनची मंडळीही होती. तिथे चित्रीकरण कुणालाही बघता येतं. पण ते मुकं नसतं. कोण बोलतंय, काय बोलतंय, हे त्या त्या क्षणाशी जोडून शब्दांत लिहिलेलं असतं. खुलेपणाची मेहनत ती.

कॅम्पच्या शैना आनंद यांनी २००६ साली दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शनमध्ये केलेलं 'खिडकीयान' तर तुम्ही पाहायलाच हवं होतं. स्वस्तातले सीसीटीव्ही कॅमेरे, साधे टीव्ही आणि केबल घेऊन चार ठिकाणं जोडायची. एका पडद्याचे चार भाग, चारही ठिकाणची माणसं एकमेकांना बघतायत, बोलतायत. ज्याला बघायचं, त्यालाही आपल्याकडे बघता येतं. तुमच्या कॅमेऱ्यापुढे बसलेल्या माझ्या आईला तुम्ही कुठे दिसलात?

इंटरनेटवरच्या कलेत बाईने याआधीही आपली जागा मागितलीय. १९९७ साली हॅम्बुर्गच्या संग्रहालयाने नेट आर्टची स्पर्धा जाहीर केली. कॉर्नेलिया झोलफ्रांक या कलावतीने जवळजवळ तीनशे स्त्री कलाकार कल्पनेतून निर्माण केल्या आणि संगणकाकडून कलाकृती बनवून घेऊन त्यांच्या नावाने पाठवल्या. आलेल्या नावांत बायकांची गर्दी झाली, तरी तिन्ही बक्षिसं पुरुषांनाच मिळाली. तिने नसलेल्या बायकांना नावं दिली होती. तुम्ही असलेल्या बाईचं नाव काढून टाकलंत.

उघड्या चेहऱ्याचं पुढे काय होतं, हे माहीत नव्हतं असं म्हणू नका. १ जानेवारी २०२२ला मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडणारं ॲप निघालं. ज्या गिटहबवर जगभरचे लोक आपला कोड एकमेकांना खुला करतात, तिथेच ते ठेवलेलं होतं. मुंबईच्या सायबर पोलिसांनी त्यात काही जणांना अटक केली. लिलाव हा शब्द आमच्या घरात पहाटे उच्चारला जातो. आई ससून डॉकवर लिलावात म्हावरं घेते. त्या बातमीपासून तो शब्द माझ्या कानाला बोचतो. माझ्या आईचा फोटो तुम्ही त्याच वाटेवर ठेवून निघून गेलात.

आता ती कलाकृती काढा. फिरलेला स्टिकर परत येणार नाही, हे मलाही कळतं. पण तुम्ही दिलेली परवानगी तुम्हाला मागे घेता येईल, आणि ती मागे का घेतली ते त्याच पानावर लिहिता येईल.

मग एकदा या. कॅमेरा पिशवीत ठेवून आईसमोर बसा. काय करायचंय ते तिला सांगा, ती नाही म्हणाली तर उठून जा. हो म्हणाली, तर ती सांगेल ते नाव खाली लिहा, तिच्याच शब्दांत. तुम्ही 'बोंबील निवडणारी कोळीण' असं लिहिलंय. पाटीत मांदेली होती. आणि अंगठ्यावर चिंधी होती.

मच्छीमार नगरातली एक मुलगी