खान्देश कागदावर आणा

राज्यघटनेच्या ३७१व्या कलमात विदर्भाचं नाव आहे, मराठवाड्याचं आहे, सौराष्ट्राचं आणि कच्छचंही आहे. खान्देशाचं नाही. आपण तिथे 'उर्वरित महाराष्ट्रा'त येतो. १ मे १९९४ला वैधानिक विकास मंडळं स्थापन झाली तीही याच तीन नावांची: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. पुढे राज्यपालांच्या निर्देशांनुसार निधीची वाटणीही याच तीन रकान्यांतून होऊ लागली. ३० एप्रिल २०२०ला मंडळांची मुदत संपली, पण 'उर्वरित' हा शिक्का आपल्या कपाळावर राहिला.

हा प्रश्न मानापमानाचा नाही, हिशेबाचा आहे. 'उर्वरित' या एका रकान्यात सातपुड्यातलं धडगाव आहे आणि पुणेही आहे. अक्कलकुवा आहे आणि कोल्हापूरही आहे. असा रकाना एकत्र मोजला की साखर कारखान्यांच्या पट्ट्याची समृद्धी नंदुरबारच्या पाड्यावर पसरते, तीही फक्त कागदावर. विदर्भाचा आमदार विधानसभेत उठून 'आमचा अनुशेष' म्हणतो, तेव्हा त्याच्यामागे एक नाव आणि एक आकडा उभा असतो. आपला आमदार उठतो तेव्हा त्याच्या हातात फार तर एका जिल्ह्याचा, एका तालुक्याचा कागद असतो.

हे झालं कसं? विदर्भ मध्य प्रदेशातून आला, मराठवाडा हैदराबाद संस्थानातून. येण्याआधी दोघांच्याही नेत्यांनी नागपूर करारात आश्वासनं लिहून घेतली. खान्देश पहिल्यापासून मुंबई राज्यातच होता. पाहुण्यांना आग्रहानं वाढलं आणि घरच्या पोराला गृहीत धरलं, तशी आपली गत झाली. विदर्भ-मराठवाड्याने मागून घेतलं याबद्दल त्यांचं अभिनंदनच केलं पाहिजे. आपण मागितलं नाही, ही चूक आपली.

•

आता नकाशा बघा. १८१८ला इंग्रजांनी मुलूख घेतला आणि धुळ्याला मुख्यालय करून खान्देश हा एकच अवाढव्य जिल्हा चालवला. १८६९ला नाशिक जिल्हा झाला, तेव्हा मालेगाव, नांदगाव आणि बागलाण त्यात गेले. १९०६ला उरलेल्याचे दोन तुकडे झाले: पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पूर्व खान्देशाचा जळगाव जिल्हा झाला, पश्चिम खान्देशाचा धुळे. १ जुलै १९९८ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. फारुकी सुलतानांची आणि पुढे मोगल सुभ्याची राजधानी असलेलं बऱ्हाणपूर तर आज मध्य प्रदेशात आहे.

यातल्या बऱ्याच फेरबदलांना कारण होतं. नंदुरबार वेगळा झाला हे योग्यच झालं. धडगावच्या माणसाने दाखल्यासाठी धुळ्यापर्यंत का यावं? जिल्हा हे कामाचं माप आहे. कलेक्टर कचेरी जितकी जवळ तितकं बरं. माझी तक्रार वेगळी आहे. १९०६च्या वाटणीत इंग्रजांनी दोन्ही जिल्ह्यांच्या नावात खान्देश ठेवला होता. आपल्या राज्याने दोन्हीकडून तो काढून टाकला आणि त्याच्या जागी काहीच दिलं नाही. महसूल विभागाचं नाव 'नाशिक', बोलण्यात 'उत्तर महाराष्ट्र'. विद्यापीठाचं नावही १९९०ला 'उत्तर महाराष्ट्र'च ठेवलं. २०१८ला त्यात बहिणाबाईंचं नाव आलं, ही समाधानाची गोष्ट. पण दिशा कायम राहिली. उत्तर ही मुंबईच्या टेबलावरून पाहिलेली दिशा आहे. तापीकाठचा माणूस स्वतःला उत्तरेचा म्हणत नाही, 'आम्ही खान्देशना' म्हणतो.

•

गिरणा धरण नांदगाव तालुक्यात, म्हणजे नाशिक जिल्ह्यात आहे. त्याचं पाणी पितात जळगाव जिल्ह्यातली चाळीसगाव, भडगाव, पाचोरा. १८६९ची रेघ नदीने कधी मानली नाही. प्रत्येक उन्हाळ्यात आवर्तनाची ओरड होते ती दोन जिल्ह्यांचे प्रश्न म्हणून, दोन कचेऱ्यांत, दोन पालकमंत्र्यांपुढे. खोरं मात्र एकच आहे. तापी पाटबंधारे विकास महामंडळाचं मुख्यालय जळगावला आहे, म्हणजे खोऱ्याच्या मापाने विचार करणं सरकारला जमतं. मग अमळनेरजवळचा पाडळसे प्रकल्प वर्षानुवर्षे का रखडला? एखादा प्रकल्प एकाच तालुक्याची मागणी म्हणून मुंबईला जातो तेव्हा तो सहज मागे ढकलला जातो. सगळा खान्देश म्हणून गेला असता तर तो ढकलायला तेवढंच मोठं कारण द्यावं लागलं असतं.

•

सरकारने पुसलं ते लोकांनी जपलं. जळगावची मूळजी जेठा कॉलेज चालवणारी संस्था 'खान्देश' नाव लावते, अमळनेरचं प्रताप कॉलेज चालवणारं मंडळही लावतं. जळगावची गिरणी 'खान्देश मिल' होती. मुंबईहून सुरत, नंदुरबार, अमळनेर करत भुसावळला येणाऱ्या गाडीचं नाव खान्देश एक्स्प्रेस आहे. श्रावणात कानबाई बसते ती फक्त धुळ्या-जळगावात बसत नाही. सुरतेच्या उधन्यात आणि लिंबायतमध्ये बसते, नाशिकला बसते, कल्याणला बसते. तिथे रोटांच्या पंगतीला कोणी जिल्हा विचारत नाही. पुण्यातल्या हॉटेलवाल्यालाही कळलंय की पाटीवर 'खान्देशी शेवभाजी' लिहिलं की गिऱ्हाईक वळतं. २०१६ला भौगोलिक मानांकन मिळालं ते मात्र जळगावच्या केळीला आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला. बाजार प्रदेश ओळखतो, कागद जिल्हा ओळखतो.

जनगणनेच्या भाषातक्त्यात 'खान्देशी' हा स्वतंत्र रकाना आहे. २०११ला तिथे १८ लाखांहून जास्त लोकांची नोंद झाली. यातले बहुतेक अहिराणी बोलणारे. बोलीच्या रकान्यात प्रदेशाचं नाव चालतं, मग विकासाच्या रकान्यात का चालू नये?

•

इंग्लंडकडे बघा. ज्यांनी आपल्याला जिल्ह्याची चौकट दिली, त्यांनी १ एप्रिल १९७४ला स्वतःच्या जुन्या काउंटींवर कात्री चालवली. रटलंड ही सर्वांत लहान काउंटी लेस्टरशरमध्ये घातली. यॉर्कशरचे तीन पारंपरिक भाग मोडले. हंबर नदीच्या दोन्ही काठांना बांधून हंबरसाइड नावाची नवी काउंटी काढली. लोकांनी काय केलं? यॉर्कशरवाल्यांनी १९७५पासून १ ऑगस्टला यॉर्कशर दिन पाळायला सुरुवात केली. हंबरसाइड कोणाला आपलं वाटलं नाही, १९९६ला ते मोडीत निघालं. रटलंडला १९९७ला स्वतःचा कारभार परत मिळाला. मिडलसेक्सचं प्रशासन १९६५लाच लंडनमध्ये विरलं, तरी मिडलसेक्स क्रिकेट संघ आजही लॉर्ड्‌सवर त्याच नावाने खेळतो.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. २०१९ला तिथल्या सरकारने परंपरागत काउंटींचा गौरव कसा करावा याचं मार्गदर्शन काढलं. सीमेवर जुन्या काउंटीच्या पाट्या लावायचा मार्गही त्यात सांगितला. कारभाराच्या हद्दी आजच्याच राहिल्या. नवी नगरपालिका आणि जुनी काउंटी एकाच रस्त्यावर सुखाने नांदू शकतात, हे त्यांना उशिरा का होईना कळलं. आपल्याला ते कळायला काय अडचण आहे?

•

एक गोष्ट आपल्याच लोकांना सुनावतो. खान्देश म्हणजे एकटी अहिराणी नव्हे. रावेर, यावल, भुसावळ पट्ट्यात लेवा बोली आहे आणि आसोद्याच्या बहिणाबाई त्याच मातीच्या. शहाद्याकडे गुजरी आहे. सातपुड्यात भिली आणि पावरी आहेत, नवापूरकडे मावची आहे. भिल्ल तर फारुकींच्याही आधीपासून इथले, आणि १८५८ला आंबापाणीला इंग्रजांशी लढलेला खाज्या नाईक याच सातपुड्याचा. व्यासपीठावर खान्देशाच्या अस्मितेचा गजर करायचा आणि धडगावच्या पोराला पाहुणा समजायचं, हे चालणार नाही. त्याला मागे ठेवून मागितलेला खान्देश हा जळगाव-धुळ्याच्या पुढाऱ्यांचा खान्देश होईल, आणि तसल्या खान्देशासाठी मी एक ओळही खरडणार नाही.

•

म्हणून मागण्या चार, त्याही साध्या.

पहिली: राज्याच्या प्रत्येक विकास अहवालात जळगाव, धुळे आणि नंदुरबार यांचा 'खान्देश' असा स्वतंत्र रकाना हवा. सिंचन, रस्ते, शाळा, दवाखाने, सगळं वेगळं मोजा. विकास मंडळं पुन्हा आली तर खान्देशाचं मंडळ वेगळं करा.

दुसरी: मालेगाव, बागलाण, नांदगाव नाशिक जिल्ह्यातच राहू द्या, पण गिरणेच्या पाण्याचा निर्णय दोन्ही जिल्ह्यांना एकत्र बसवून करा.

तिसरी: महामार्गावर आणि रेल्वे स्थानकांवर 'खान्देशात स्वागत' अशा पाट्या लावा. याला कायदा बदलावा लागत नाही.

चौथी: शाळेत तिसरीच्या मुलाला जिल्ह्याचा नकाशा शिकवता, त्याच्या शेजारी खान्देशाचाही लावा, बऱ्हाणपूर आणि बागलाणसकट.

तिन्ही जिल्ह्यांचे आमदार-खासदार वेगवेगळ्या पक्षांत आहेत, असू देत. पुढच्या अधिवेशनात त्यांनी एकच निवेदन घेऊन जावं, आणि त्याच्या पहिल्या ओळीत जिल्ह्याचं नाव नसावं, खान्देशाचं असावं. कोण सही करतो आणि कोण टाळतो, तेवढं आपण लक्षात ठेवायचं, मतदानाच्या दिवसापर्यंत.