चौसा असतानाच विका

वैरागच्या स्टँडाजवळच्या एका चहाच्या टपरीवरून युरोपातल्या निम्म्या फुटबॉल क्लबांचा कारभार चालतो. कारभारी आमचे तात्या. तात्यांनी उभ्या जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नाही. एकदा पोरांचा बॉल कडब्याच्या गंजीवर अडकला होता, तो काठीनं खाली पाडला, तेवढाच संबंध. पण पुतण्याच्या मोबाइलवर मॅच बघतात, आणि नावारूपाला आलेला खेळाडू कधी विकावा याबद्दल त्यांचं मत क्लबाच्या मालकांपेक्षा पक्कं आहे.

"आरं, बैलच की त्यो! आदत घ्यावा, चार दात येऊन चौसा झाला की बाजार दाखवावा. जुळला की गिऱ्हाईक दात बघतंय आन् फुडच्या दावणीला जातंय."

फुटबॉलात दातांऐवजी करार बघतात. 1995 च्या बोस्मन निकालानंतर युरोपात करार संपला की खेळाडू दावं सोडून फुकट चालू लागतो आणि मालक रिकाम्या गव्हाणीकडे बघत बसतो. लिव्हरपूलनं ही पाळी येऊ दिली नाही. जानेवारी 2018 मध्ये भरात असलेला कुटिन्यो त्यांनी बार्सिलोनाला विकला, उन्हाळ्यात अॅलिसन हा गोलकीपर आणला आणि मे 2019 मध्ये त्याच बार्सिलोनाला 4-0 नं लोळवलं. कुटिन्यो तेव्हा समोरून खेळत होता. हे ऐकून तात्यांनी मांडीवर अशी थाप मारली की बशीतला चहा सांडला.

उलटा दाखला बघायला इतकं लांब जायलाही नको. आपल्या शेजारच्या एफसी गोवानं 2020 च्या जानेवारीअखेर प्रशिक्षक लोबेराला घरी पाठवलं. फेब्रुवारीत लीग शील्ड जिंकली. मग लोबेरा मुंबई सिटीत गेला आणि गोव्याचा निम्मा गोठा त्याच्या मागोमाग मुंबईत: जाहूह, फॉल, कर्णधार मंदार राव देसाई. करारातली सुटकेची रक्कम भरून बूमूलाही उचललं. पुढच्या हंगामात उपांत्य फेरीत गोव्याला पेनल्टीवर हरवलं कुणी? याच मंडळींनी. अंतिम सामनाही मुंबईनंच मारला, तोही गोव्यातच, फातोर्ड्याच्या मैदानावर.

आपल्याकडच्या क्लबांचं एक मात्र झकास आहे. खेळाडू गेला की बहुतेक वेळा 'रक्कम जाहीर केलेली नाही' एवढंच छापून येतं. बाजारात हेडे उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात, तेच हे उपरणं. फक्त आत एजंटाचीही बोटं असतात, आणि जास्त दाबून घेतात ती त्याचीच.

तात्यांच्या लेखी जगात सर्वांत येडा क्लब म्हणजे पॅरिसचा. ऑगस्ट 2021 मध्ये रियल माद्रिदनं एमबापेसाठी 16 कोटी युरोंची बोली लावली, मग ती वाढवली. करारात एकच वर्ष उरलं होतं, तरी पॅरिस हललं नाही. पुढं करार वाढवला खरा, पण 2024 मध्ये गडी रियललाच गेला, फुकटात.

"दारात आल्याली लक्ष्मी!" तात्या म्हणतात. "बाजारात भाव हाय तंवर द्यावा. उद्याचं कुणी बघितलंय?"

त्याच ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीननं क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला होता. तात्यांच्या माजघरात तेव्हा चाळीस पोती थप्पी लावून होती. आडत्याचे तीन फोन आले. तात्या म्हणाले, "बारा होऊ दे." सुगीत नवा माल आला आणि भाव निम्म्याच्या वाटेला लागला. तात्या म्हणाले, "परत वर जाणारच की." त्यानंतर दरसाल नव्या मालाची भर पडत गेली आणि दरसाल बाराची वाट बघणं झालं. 2024 मध्ये सरकारनं 4,892 रुपये हमीभाव जाहीर केला. बाजार त्याच्याही खाली होता.

"तात्या, पोत्यांचा करार कधी संपतोय?" मी एकदा विचारलं.

"खेळाडूचं येगळं," तात्या गंभीरपणे म्हणाले. "त्येला वय असतंय."

पोती अजून माजघरातच आहेत. पाहुणे आले की वर सतरंजी टाकून त्यांना तिथंच बसवतात. परवा मीही बसलो. चहा येईपर्यंत बुडाखाली काहीतरी करकरत होतं, आणि तात्या पुतण्याला विचारत होते, "आरं, ती खेळाडू इकायची खिडकी बंद व्हायला किती दिस राह्यलं?"