ब्रेकवाले तात्या

तात्यांना डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, त्याला दोन आषाढ्या होऊन गेल्या. बारामतीच्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना रिपोर्टाची घडी खिशात घालत ते म्हणाले होते, "जन्मभर ऊस पिकवला, साखरेची रिकव्हरी कधी बाराच्या वर गेली न्हाई. अन् आमची स्वतःची बघा, दोनशे चाळीस!" निरवांगीसारख्या सपाट गावात राहता, रोज सकाळी तासभर सायकल मारा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तात्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून चौकशी सुरू झाली. ती अजून चालू आहे.

तात्या काही घेतच नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. घेतात, पण चौकशी पिकल्यावर. विहिरीवर मोटर बसवायची होती, तेव्हा चौकशी पुरी होईतो विहीर आटली. लेकीला स्थळ बघायला निघाले ते मुलाच्या आजोळाचा सातबारा काढेपर्यंत गेले. तोवर लेकीनं पुण्यात नोकरी धरली आणि लग्नही स्वतःच ठरवलं. लग्नाला बरीच वर्षं झाली, नातू शाळेत जातो. तात्या जावयाची चौकशी अधूनमधून अजून करतात.

सायकलीत चौकशी करण्यासारखं पुष्कळ असतं. फ्रेम, गिअर, शॉकअप, टायर. तात्या ब्रेकपाशी आले आणि तिथंच थांबले. डिस्क की रिम, एवढाच प्रश्न. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, आधी चालवून तरी बघा." तात्या म्हणाले, "पळायचं कसं ते कुणीबी सांगतंय रं. थांबायचं कसं ते सांग."

पोरग्यानं सांगितलं. रिमब्रेक म्हणजे दोन रबरी गुटके चाकाची कड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. डिस्कला चाकाच्या मध्यात, हबला एक पोलादी चकती बसवलेली असते, तिला पॅड धरतात. स्वस्त डिस्क असेल तर तार ओढते, महाग असेल तर तेल ढकलतं. तात्यांनी खिशातून सोसायटीची जुनी डायरी काढली, मधोमध रेघ मारली आणि पोरग्याला विचारलं, "हं. आता सावकाश सांग."

ती डायरी मी पाहिली आहे. डाव्या बाजूला रिम, उजव्या बाजूला डिस्क. अक्षर सातवी पास माणसाचं, मुद्दे इंजिनिअरचे. रिमखाली लिहिलंय: 'चाक मोठं, म्हणून कडेला धरलं की थोड्या जोरात थांबतं. पावसात पहिल्या एक-दोन फेऱ्या पाणी पुसण्यात जातात. काळ्या रानातला चिखल गुटक्यात अडकतो, चाक जाम. गुटक्यात खडा बसला तर रिम खरवडते. चाकाला आऊट असला, म्हणजे चाक डुलत असलं, की घासतं.' डिस्कखाली: 'चकती लहान, १६० मिलिमीटर, म्हणून जोर जास्त लागतो, तो पॅड लावतं. चिखलापासून लांब, जमिनीपासून वर. चाकाला आऊट असला तरी बिघडत नाही. चकती वाकली तर चिंगचिंग. चेनचं तेल उडालं तर पॅड कामातून गेलं. हबला आणि पुढच्या फोर्कला बसवायची जागा असेल तरच बसते, नंतर लावू म्हणून चालत नाही.' तळाला दोन्ही बाजूंना मिळून एक ओळ आहे, खाली दोन रेघा मारलेली: 'लांब उतारावर रिम तापते, ट्यूब फुटू शकते. डिस्क बरी. उतार: आपल्याकडं नाही.'

इथं कुठलाही दुसरा माणूस डायरी मिटून रिमब्रेकची सायकल घेऊन घरी आला असता. निरवांगीत उतार म्हटला तर नीरेच्या बंधाऱ्याकडं जाणारा रस्ता, आणि तिथंही सायकल आपणहून पळत नाही, पेडल मारावंच लागतं. पण तात्यांनी पान उलटलं आणि नव्या पानावर लिहिलं: 'उद्या उताराला जावं लागलं तर?'

मग ते गावातल्या मिस्त्रीकडं गेले. मिस्त्री आता मोटारसायकलींचे पंक्चर जास्त काढतो, पण मूळचा सायकलवाला. वेड्या बाभळीचे काटे असेपर्यंत त्याला मरण नाही. त्यांचा संवाद मी शेजारी बसून ऐकला आहे.

"डिस्क वाकली तर?"

"सरळ करतो."

"पॅड मिळतंय का हितं?"

"हितं न्हाई. बारामतीत, न्हाईतर अकलूजला."

"अन् रिमचं?"

"गुटकं बदलायचं. हितंच मिळतंय. च्या पिऊस्तवर काम होतंय."

"अन् आऊट असला तर?"

"आऊट काढतो."

"अन् काढलेला आऊट परत आला तर?"

मिस्त्रीनं पान्हा खाली ठेवला. "तात्या, सायकल कुठं हाय?"

"घ्यायचीय."

मिस्त्री पुन्हा पंक्चरकडं वळला.

एव्हाना पुतण्याच्या पोरानं मोबाईलवर तात्यांना जग दाखवायला सुरुवात केली होती. रात्री देवळाच्या पारावर तात्या ते जग गावाला वाटत. "कॅलिफोर्नियात १९७६ साली," ते सुरू करत, "काही पोरं जुन्या दांडग्या सायकली घेऊन डोंगर उतरायची शर्यत लावायची. ब्रेक कसला? मागं पेडल मारलं की हबमध्ये धरणारा. खाली पोचेस्तवर हब एवढा तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. दर फेरीनंतर हब खोलून नवं ग्रीस भरायचं. म्हणून त्या उताराला नावच पडलं रीपॅक. पुन्हा भरा! माऊंटन बाईक जलमली ती तिथं. म्हंजे बघा, ब्रेक जळल्याबिगर ही सायकल जलमलीच नसती." पारावरचे लोक माना डोलवत. त्यातल्या निम्म्यांना घरी जायचं असे, पण ग्रीस जळण्याच्या जागी तात्यांचा हात असा काही वर जाई, की मध्येच उठणं बरं दिसत नसे.

घाई करा म्हटलं, की तात्यांकडं त्यालाही उत्तर तयार. शिमानो या जपानी कंपनीनं १९९६ साली व्ही-ब्रेक आणला. लांब हातांचा, रिमला दोन्ही बाजूंनी घट्ट धरणारा. तो आला तेव्हा लोकांना वाटलं, झालं, प्रश्न मिटला. मग डिस्क आली. रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क चालू द्यायची की नाही, यावर सायकलिंगची जागतिक संघटना कितीतरी काळ घोळ घालत होती. चाचणी सुरू केली. २०१६ च्या एप्रिलमध्ये पॅरिस-रूबे शर्यतीत डिस्कनं पाय कापला असं एका स्वारानं सांगितलं म्हणून थांबवली. पुन्हा सुरू केली. २०१८ मध्ये एकदाची कायम परवानगी दिली. "अख्ख्या जगाच्या संघटनेला येवढा टाईम लागतो," तात्या म्हणत, "अन् मला म्हणताय दोन आषाढ्या झाल्या."

घरात सायकल नव्हती अशातला भाग नाही. गोठ्याच्या भिंतीला वडिलांची ॲटलस टेकवलेली आहे. सळ्यांच्या ब्रेकची, अठ्ठावीस इंची. दांडा ओढला की सळ्या वर सरकतात आणि गुटके रिमला आतून चिकटतात. त्या सायकलीनं दुधाच्या किटल्या वाहिल्या, शाळेत पोरं पोचवली, आणि थांबायचं तेव्हा चपलेनंही साथ दिली. ॲटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यातलं काम ३ जून २०२० ला बंद पडलं, नेमकं जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. हे मी तात्यांना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे आता स्पेअर पार्टची चौकशी करायला पायजे."

तात्यांच्या तोंडावर कुणी न बोललेली गोष्ट एकदा त्यांच्या सुनेनं बोलून टाकली. गाळपाचे दिवस होते. तोडणी झालेला ऊस डबल ट्रॉलीत भरून रस्त्याला लागला होता. वीसेक टन वजन, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टरच्या नावानं एक लाल फडकं, आणि पुढं टेपवर गाणं फुल्ल. तात्या पारावर पंधरा किलोच्या सायकलला कुठला ब्रेक बरा, हे समजावून सांगत होते. सून शेतातून येताना थांबली आणि म्हणाली, "मामंजी, त्या ट्रॉलीला ब्रेक हाय का?"

नव्हता. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतोच. सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर आणि चढावर थांबलं तर चाकाखाली लावायच्या धोंड्यावर. ऊस तात्यांचा, ट्रॉली त्यांनी ठरवलेली. तात्या उठून घरी गेले. त्या रात्री पारावर कॅलिफोर्निया झाला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला गाठून मागं रिफ्लेक्टर लावून घेतले, दोन्ही ट्रॉल्यांना, स्वतःच्या पैशानं. चौकशी न करता. गावात हे अजून कुणाला नीट पटलेलं नाही.

चौकशीचा फायदा गावाला झाला तो असा. तात्यांच्या डायरीवरून भावकीतल्या तिघा पोरांनी सायकली घेतल्या. पावसापाण्यात रानातून कॉलेजला जाणाऱ्यानं डिस्कची घेतली. डांबरी रस्त्यानं वालचंदनगरला जाणाऱ्यानं व्ही-ब्रेकची, कारण गुटके गावात मिळतात. तिसऱ्यानं रंग बघून घेतली. तिघांनाही तात्यांनी एकच गोष्ट पक्की शिकवली, आणि ती कुठल्याही दुकानदारानं सांगितली नव्हती: आपल्याकडं उजव्या हाताचा ब्रेक बहुतेक पुढचा असतो, त्याला भिऊन नुसता मागचा दाबायचा नाही. थांबताना वजन पुढं येतं, म्हणून खरं काम पुढचाच करतो. दोन्ही एकदम दाबायचे, पुढचा हळूहळू वाढवत, आणि बूड थोडं मागं सरकवून. शेवटी सायकल थांबवतो तो टायर. तो गुळगुळीत झाला असेल तर ब्रेक कुठलाही असो, घसरायचंच.

आणि तात्या? परवा बारामतीला तपासणी झाली. साखर पुष्कळ उतरली होती. डॉक्टरांनी खूश होऊन विचारलं, "रोज किती वेळ चालवता?" तात्यांनी खरं ते सांगितलं. रोज सकाळी मिस्त्रीच्या दुकानापर्यंत चालत जायचं, तिथून तिघा पोरांच्या घरी जाऊन ब्रेक कसे चालतात ते बघायचं, मग बंधाऱ्यापर्यंत जाऊन उतार मोजायचा आणि परत. सगळं पायी.

तेव्हा ज्यांना गिअरची सायकल घ्यायची आहे त्यांच्यासाठी माझा निकाल असा: चिखलातून जाणार असाल तर डिस्क घ्या, डांबरीवरून जाणार असाल तर रिमब्रेक पुरतो, दोन्हींत टायर गुळगुळीत झाले की आधी बदला. शंका आली तर तात्यांना जरूर विचारा, त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही. फक्त दुकानात जाताना त्यांना बरोबर नेऊ नका.