शेवंती जोमात, शेजारी कोमात!

ऐकलं का? अमरावतीच्या रुक्मिणीनगरापासून अकोल्याच्या जठारपेठेपर्यंत चांगल्या घरच्या माणसांचं सध्या जे चाललंय, ते चारचौघांत बोलण्यासारखं नाही. म्हणूनच तर बोलायचं!

पाऊस परतला, दसऱ्याचं सोनं वाटून झालं की बायामाणसं दिवाळीच्या साफसफाईला लागतात, असा आपला भाबडा समज. खाली जाळी-जळमटं जशीच्या तशी लोंबताहेत आणि घरचे सगळे गच्चीवर खुरपं घेऊन बसलेत. काय म्हणे, थंडीची बाग धरायचीय!

आधी मातीची बेअब्रू ऐका. ज्या काळ्या मातीनं वऱ्हाडाला कपाशी दिली, तीच आता कुंडीत नको झालीय. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेला भेग पाडते. मग घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली, मुळं कोरडी ती कोरडीच. हे सगळं कबूल. पण म्हणून नारळाच्या शेंड्यांचा भुसा विकत आणायचा? जिथे नारळ फक्त देवळापुढे फुटायचा, त्या मुलखात आज घरोघरी कोकोपीटच्या विटा बादलीत भिजताहेत. अस्सल वऱ्हाडी काळी माती मात्र दाराबाहेर, चपलांना चिकटलेली.

आता जरा नाजूक विषय. जीवामृत. हे ज्यांनी देशभर गाजवलं ते सुभाष पाळेकर आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, 2016 चे पद्मश्री. त्यांचं माप शेतकऱ्यासाठी, एका एकराचं: 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. आमच्या कॉलनीतल्या वहिनींची गच्ची काही एकरभर नाही. त्यांनी हिशेब उतरवला तो 20 लिटरच्या बादलीला 200 ग्रॅम बेसनावर. बादल्या मात्र ओळीनं मांडल्या, त्याही ऐन दिवाळीच्या तोंडावर. भाऊजींनी डबा उघडून विचारलं, "काऊन वं, यंदा लाडू एवढेच?" आतून शांतपणे उत्तर आलं, "बेसन कुंड्यायले गेलं." माणसानं बोलायचं तरी काय! बरं, दोन-तीन दिवस ते सावलीत मुरतं, रोज काठीनं ढवळतात आणि वास पोचतो थेट तिसऱ्या घरी.

शेणखताचं तर विचारूच नका. नव्या गाडीच्या डिकीत मुलाला ओली छत्री ठेवू न देणारे गृहस्थ त्याच डिकीत खताचं पोतं घालून गोठ्यावरून येताना दिसतात. वर पोत्यात हात घालून वास घेतात! म्हणे चांगलं कुजलेलं हवं, कच्च्या शेणात हुमणीच्या अळ्या असतात. लग्नाची मुलगी पाहतानाही या घरानं एवढी चौकशी केली नव्हती.

गुलाबाची कथा आणखी भयंकर. ज्यांनी उभ्या जन्मात कांदा चिरला नाही, ते ऑक्टोबरच्या मध्याला कात्री घेऊन पानांनी डवरलेली झाडं बोडकी करतात. फांदी तिरपी कापायची, बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या थोडं वर, आणि कापलेल्या तोंडाला चुना-मोरचुदाचा निळसर लेप लावायचा. तोही ब्रशनं, जिभेचं टोक दाताखाली धरून. शेजारीण हळहळते, "वाळला का वो तुमचा गुलाब?" तिला कुणी सांगावं की साधारण 45 दिवसांनी त्याच काड्यांवर फुलं येतात, आणि मग तिलाच बोलावून दाखवतात.

अकोल्याचं तर गावच या नादाला सामील. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना 20 ऑक्टोबर 1969 ची, म्हणजे ऐन छाटणीतली! ज्यांचं नाव विद्यापीठाला आहे ते भाऊसाहेब देशाचे कृषिमंत्री होते. त्यांच्या जयंतीला, 27 डिसेंबरच्या सुमारास, विद्यापीठात कृषी प्रदर्शन भरतं. शेतकरी तिथे वाण आणि अवजारं पाहायला जातो. गच्चीवाले जातात ते आपली शेवंती कशी सरस, हे मनातल्या मनात ठरवायला.

चोऱ्याही होतात बरं का. पहाटे फिरायला जाणाऱ्यांच्या खिशात छोटी कात्री असते. चोरून आणलेली काडी हमखास लागते, हा या पंथाचा धर्मच. आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर? बाजारात जुडी घेऊन दोन मिनिटांत घरी यावं, तर या बाया धणे फरशीवर पसरून चपलेच्या तळव्यानं रगडतात, दाण्याच्या दोन फाका करून पेरतात आणि आठ-दहा दिवस रिकाम्या कुंडीकडे डोळे लावून बसतात. मग चार पानं आली की भाजीवर घालायची सोय नाही. "अजून लहान हाय!"

सगळ्यात मोठं भांडण मात्र शेवंतीचं. तिला कळी धरायला मोठी आणि सलग अंधारी रात्र लागते. शेजाऱ्यानं गच्चीवर पांढराशुभ्र एलईडी लावला की ती नुसती पानं वाढवत बसते. मग कुणी रात्री कुंड्यांवर काळं कापड टाकतं, कुणी दिव्याच्या बटणापाशी घुटमळतं आणि दहा-दहा वर्षांचे घरोबे बोलाचालीवर येतात.

एवढी नावं ठेवून झाली, आता न्यायाचंही बोलू. मे 2020 मध्ये अकोल्याचा पारा 47.4 अंशांवर गेला होता. अशा उन्हात कुंडीतलं रोप जगवणं हीच कसोटी, फुलांची गोष्ट दूर. झेंडू, शेवंती, ॲस्टर, पेट्युनिया, मेथी, पालक, यांना वऱ्हाडात सुखाचे मिळतात ते थंडीचेच चार महिने, आणि त्यांची तयारी ऑक्टोबरात झाली नाही तर वर्ष गेलंच. तेव्हा बेसन माफ, डिकी माफ, कात्रीही एकवेळ माफ. फक्त एवढं करा: शेजारी शेवंती असेल तर कळ्या दिसेपर्यंत रात्री गच्चीवरचा दिवा बंद ठेवा. पहिलं फूल तुमच्याच देव्हाऱ्यात येईल.