खटका

आबांच्या गाडीत बसायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. माझ्यावर आली, आणि तीही मुतखड्याच्या कळा घेऊन. रात्री अकरा वाजता वणीहून नाशिकला जायला दुसरं वाहन मिळेना. आबा आले, मला मागच्या सीटवर आडवं केलं, किल्ली फिरवली आणि थांबले. मडगार्डातून गर्रर्र करत एक चकचकीत दांडी वर चढू लागली. मी विव्हळलो तर आबांनी ओठांवर बोट ठेवलं. दांडी टोकाला पोचली, आत कुठंतरी ‘खट्’ झालं, तेव्हा कुठं पहिला गियर पडला.

“खटका ऐकला ना, मास्तर?”

असा एखादा आबा तुमच्याही गावात असणारच. आमच्या आबांकडे प्रीमियर 118 एनई आहे. हे मॉडेल 1985 साली निघालं. अंग फियाटचं, इंजिन निस्सानचं. नावातलं ‘एनई’ त्याच इंजिनाचं. पण गाडीबद्दल आबा फारसं बोलत नाहीत, ब्रेकबद्दल तर मुळीच नाही. त्यांचा सगळा जीव मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणून बसवलेल्या त्या ऑटोमॅटिक अँटेनात. रेडिओ लावला की दांडी वर, बंद केला की खाली. आत दात्यांची नायलॉनची दोरी असते, मोटरचं चाक तिला ढकलतं, आणि दांडी शेवटाला लागली की क्लच घसरतो. तोच तो खटका. एफएमची लहर साधारण तीन मीटरची, तिचा पाव हिस्सा म्हणजे पाऊण मीटर, म्हणून दांडी अडीच फूट. हे मला पाठ आहे, कारण मी आबांच्या शेजारी राहतो.

सकाळी उठून लोक द्राक्षबागेत भुरी आलीय का बघतात. आबा जुन्या धोतराच्या फडक्यानं दांडी पुसतात. पातळ तेलाचा एकच थेंब, मग चारदा वर, चारदा खाली. ग्रीस कधीच नाही. “ग्रीसला धूळ चिकटते मास्तर, आणि वणीला धुळीचा काय तोटा?” पावसाळ्याआधी ते मडगार्डाखाली उताणे झोपून अँटेनाच्या निचऱ्याच्या नळीत फुंकर मारतात. “बागेत ठिबकच्या नळ्या तुंबल्यात,” काकू ओट्यावरून ओरडतात, “तिकडं मारा की फुंकर!”

पुतण्याच्या लग्नात नवरदेवाला याच गाडीतून आणलं. मांडवाच्या कमानीखाली गाडी आली आणि दांडी झेंडूच्या माळेत घुसली. ती सोडवून खाली उतरेपर्यंत आबांनी दार उघडू दिलं नाही. मुहूर्त टळत होता, भटजी घड्याळ दाखवत होते, अक्षता मुठीत घामेजल्या होत्या. “खटका होऊ द्या,” आबा म्हणाले. मतदान यंत्राची शिट्टी वाजल्यावरही त्यांनी केंद्रावरच्या साहेबांना विचारलं होतं, “याला खटका नसतो का?”

चैत्रातल्या चतुर्दशीला मध्यरात्री सप्तशृंगगडाच्या शिखरावर कीर्तिध्वज लागतो. तो मान दरेगावच्या गवळी घराण्याचा. त्या कड्यावर वाट अशी नाहीच. माणूस कसा चढतो, कसा उतरतो, ते गावाला कधी कळलेलं नाही. एका वर्षी आबांनी मला गडाच्या पायथ्याला, नांदुरीला नेलं. उजाडलं, वर झेंडा फडकताना दिसला. आबांनी हात जोडले आणि हळूच म्हणाले, “बिनमोटरचं आहे हो ते.”

त्याच सकाळी मी पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसलो होतो. डॅशबोर्डात रेडिओच्या जागी चौकोनी भोक होतं. त्यातून दोन वायरी आल्या होत्या आणि त्यांना घरातल्या दिव्याचं बटण लावलेलं.

“आबा, रेडिओ?”

“उंदरांनी खाल्ला. झाली बरीच वर्षं.”

“मग ही दांडी कशाला?”

“वर जाते ना.”

या माणसाशी काय बोलणार? पण मुतखड्याच्या त्या रात्रीचंही सांगायला हवं, इच्छा नसली तरी. दवाखान्यात मला खिडकीजवळची खाट मिळाली होती. खाली अंगणात 118 एनई उभी. झोप लागत नव्हती. दर तासाभरानं खालून गर्रर्र ऐकू यायचं, दिव्याच्या उजेडात दांडी वर चढताना दिसायची, मग खट्. आबा जागे होते. पहाटेपर्यंत पाच वेळा मोजलं मी. सकाळी डॉक्टरांनी विचारलं, रात्री कुणी सोबत होतं का? मी म्हटलं, होतं.

यंदाच्या पावसात दोरी तुटली. मोटर नुसतीच फिरते, दांडी अर्ध्यावर उभी. आबांनी सगळी डबी खोलून तुटका तुकडा काढला, दाते मोजले, पण त्या मापाची दोरी नाशिकमध्ये नाही. मुंबईच्या चोरबाजारात मी स्वतः जाऊन आलो. परवा आबांच्या गाडीतून बाजारात गेलो. त्यांनी किल्ली फिरवली आणि न थांबता गाडी काढली. मला ते सहन झालं नाही.

तर वाचकांपैकी कुणाच्या गोठ्यात, वखारीत जुनी गाडी पडून असेल तर तिची दांडी बघा. वाकलेली असली तरी चालेल, आबा सरळ करतात. दोरीचे दाते मात्र शाबूत हवेत. वणीत जगदंबेच्या देवळापाशी येऊन अँटेनावाले आबा कुठं राहतात ते कुणालाही विचारा. रेडिओ नको.